भंडारदऱ्याचें पाणी किती ?

पावसाळा सुरू झाला कीं आमच्या जिल्ह्यांतील वर्तमानपत्रांत एक वाक्य वारंवार वाचावयास मिळतें : "भंडारदरा धरणांतून पांच हजार क्युसेक पाणी सोडलें." आंकडा बदलतो, वाक्य बदलत नाहीं. व्याकरणदृष्ट्या त्यांत कांहीं उणें नाहीं. परंतु अर्थाच्या दृष्टीनें तें अपुरें आहे, आणि हें फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें. "संगमनेर येथून ताशीं तीस मैल दूर आहे" असें कोणी म्हटलें तर खालच्या वर्गांतील मुलगाहि हंसेल, कारण ताशीं तीस मैल हा वेग आहे, अंतर नव्हे. क्युसेक हाहि तसाच एक दर आहे. पाणी किती त्वरेनें जात आहे एवढेंच त्यावरून कळतें. किती गेलें हें कळत नाहीं. दरवाजा एक तास उघडा होता कीं सात दिवस, हें सांगितल्यावांचून सोडलेल्या पाण्याचा हिशेब कोणासहि करतां येणार नाहीं, मग तो कितीहि मोठा इंजिनिअर असो.

ह्या वार्षिकाच्या वाचकांत प्रवराकांठच्या गांवांतून शिकावयास येणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांच्या घरचा ऊस, कांदा, घांस आणि पिण्याचें पाणी हीं सर्व ह्या आंकड्यांवर अवलंबून आहेत. म्हणून एका मापाचें दुसऱ्या मापांत रूपांतर करण्याचा विषय, जो गणिताच्या पुस्तकांत अत्यंत रुक्ष म्हणून गणला जातो, तो येथें मुद्दाम घेतला आहे.

प्रवरा नदी अकोले तालुक्यांत रतनगडाच्या परिसरांत उगम पावते. तिच्यावर भंडारदरा येथें इ. स. १९१० मध्यें धरणाचें काम सुरू झालें आणि १० डिसेंबर १९२६ रोजीं मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. त्यांचेंच नांव धरणास मिळालें. हें दगडी धरण २७० फूट उंच असून त्याचा एकूण साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे. ज्यांनीं तें बांधलें त्यांचा सर्व व्यवहार फूट, इंच, एकर आणि गॅलन यांतच होता. पुढें इ. स. १९५६ च्या कायद्यानें देशांत दशमान पद्धतीचीं मापें आलीं. मैल गेले, शेर गेला, गॅलन गेला. परंतु पाटबंधाऱ्यांतील घनफूट कांहीं गेला नाहीं. त्यामुळें आज स्थिति अशी आहे कीं घाटघर व रतनवाडी येथें पडणारा पाऊस मिलिमीटरांत मोजला जातो, तो धरणांत आला कीं दशलक्ष घनफूट होतो, दरवाजांतून बाहेर पडला कीं क्युसेक होतो, खालच्या जिल्ह्यांशीं वांटपाचा प्रश्न निघाला कीं टीएमसी होतो, जायकवाडीच्या जलाशयांत पोंचला कीं दशलक्ष घनमीटर होतो, आणि नळावाटे घरांत आला कीं लिटर होतो. पाणी एकच, नांवें सहा. भंडारदऱ्यापासून पैठणपर्यंत जाणाऱ्या पाण्याच्या एका थेंबानें आपलें नांव इतक्या वेळां बदलावें हें त्या थेंबास नसलें तरी आपणांस जड जातें.

यांपैकीं क्युसेक आधीं नीट समजून घेऊं. हा शब्द 'क्युबिक फूट पर सेकंद' ह्याचा संक्षेप आहे. एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल अशी पेटी एका सेकंदांत भरली, पुढच्या सेकंदांत तशीच दुसरी भरली, आणि असें अखंड चाललें, तर तो प्रवाह एक क्युसेक होय. एका घनफुटांत २८.३ लिटर पाणी मावतें. शेतकऱ्याच्या मुलास मात्र पेटीपेक्षां गुंठा अधिक जवळचा. म्हणून हेंच गुंठ्यावर मांडून पाहूं. एका गुंठ्याचें क्षेत्र १,०८९ चौरस फूट. त्यावर एक इंच पाणी उभें करावयाचें तर ९०.७५ घनफूट पाणी लागतें. म्हणजे एक क्युसेकची धार अवघ्या दीड मिनिटांत एका गुंठ्यावर एक इंच पाणी देते. चाळीस गुंठ्यांचा एकर. तेव्हां तीच धार एका एकरास एक इंच पाणी द्यावयास एक तास आणि अर्धें मिनिट घेते. तास आणि एकर-इंच यांचें हें जुळणें केवळ योगायोगाचें आहे, पण फार सोयीचें आहे. जुन्या काळच्या कालवा-अधिकाऱ्यांस क्युसेक इतका प्रिय कां होता याचें एक कारण आम्हांस ह्या योगायोगांत दिसतें. चारीच्या तोंडाशीं असलेली धार शेताच्या बांधाशीं तेवढीच राहत नाहीं, वाटेंत झिरपते, हें पाटकऱ्यासहि ठाऊक आहे व शेतकऱ्यासहि. तो भाग तूर्त बाजूस ठेवूं.

दराची राशि करावयाची तर वेळेनें गुणलें पाहिजे. एका दिवसांत ८६,४०० सेकंद असतात. हा एक आंकडा ज्यानें पाठ केला त्यास पुढचें सर्व गणित सोपें आहे. एक हजार क्युसेकचा प्रवाह चोवीस तास चालला तर ८ कोटि ६४ लक्ष घनफूट, म्हणजे ८६.४ दशलक्ष घनफूट पाणी जातें. संपूर्ण भरलेलें भंडारदरा ह्या दरानें रिकामें व्हावयास सुमारें १२८ दिवस लागतील. बारा हजार क्युसेकनें सोडलें तर अकरा दिवसहि पुरणार नाहींत. तोंडी हिशेबासाठीं क्युसेकच्या आंकड्यास बारानें भागावें, कीं दिवसाचे दशलक्ष घनफूट निघतात. खरा भाजक ११.५७ आहे, परंतु बाराचा ठोकळा घेतल्यास चूक शेंकडा चाराच्याहि आंत राहते आणि गांवच्या पारावर बसून गणित होतें. आतां वर्तमानपत्रांतील त्या वाक्याकडे पुन्हा पाहा. पांच हजार क्युसेक एक तास चालले तर १८ दशलक्ष घनफूट, एक दिवस चालले तर ४३२, आणि आठवडाभर चालले तर ३,०२४. एकाच वाक्याचे हे तीन अर्थ. पहिल्यांत धरणास कांहीं जाणवणार नाहीं, तिसऱ्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक धरण जाईल.

टीएमसी ह्या शब्दानें पुष्कळांस उगाच भीति वाटते. हजार दशलक्ष घनफूट असा त्याचा अर्थ. आणि हजार दशलक्षास आपल्या भाषेंत 'अब्ज' हा सुंदर व नेमका शब्द पूर्वींपासून आहे. भंडारदऱ्यांत अकरा अब्ज घनफूट पाणी मावतें असें म्हटलें तर आजीबाईसहि कळेल. तें सोडून आपण तीन इंग्रजी अक्षरें उच्चारतों, आणि चौथें अक्षर, जें फुटाचें, तेंच गाळून टाकतों. मापाच्या नांवांतून मापच गाळावें हें चमत्कारिक नव्हे काय ? एक अब्ज घनफूट पाणी एका दिवसांत न्यावयाचें तर ११,५७४ क्युसेकचा प्रवाह लागतो. हा दुवा ध्यानांत असला म्हणजे साठ्याची बातमी व प्रवाहाची बातमी यांची एकमेकींशीं पडताळणी करतां येते.

परंतु खरा धोका आम्हांस दुसऱ्याच एका ठिकाणीं दिसतो. सरकारी पत्रकांत दशलक्ष घनफूट हें 'दलघफू' असें लिहितात आणि दशलक्ष घनमीटर हें 'दलघमी' असें. दोन्हींत फरक केवळ शेवटच्या अक्षराचा. पण त्या अक्षराचें मोल ३५.३ पट आहे. भंडारदऱ्याचा साठा ११,०३९ आणि जायकवाडीचा एकूण साठा २,९०९, असे नुसते आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले तर कोणीहि म्हणेल कीं भंडारदरा जायकवाडीच्या जवळजवळ चौपट आहे. वस्तुतः पहिला आंकडा फुटांचा आहे व दुसरा मीटरांचा. एकाच मापांत आणले म्हणजे भंडारदरा ३१२.६ दलघमी भरतें आणि जायकवाडी त्याच्या नऊपटींहून मोठें ठरतें. म्हणजे चौपटीचा समज पालटून नऊपटीचा झाला, आणि तोहि उलट दिशेनें. बिचारें 'फू' छपाईंत पुसट उमटलें तर एका धरणाचें पाणी पस्तीस पटींनीं वाढतें किंवा घटतें, आणि मुद्रितें तपासणारास त्याची दादहि लागत नाहीं.

ही केवळ शाब्दिक गंमत नाहीं. इ. स. २००५ मध्यें महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. खोऱ्यांतील वरच्या व खालच्या धरणांत तुटीच्या वर्षीं पाण्याचें समन्यायी वांटप व्हावें असें तत्त्व त्यांत आहे. त्यास अनुसरून इ. स. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस वरच्या धरणांतून जायकवाडीसाठीं ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यांत प्रवरा खोऱ्याचा वांटा ३.३६ टीएमसी होता. मुळेचा २.१०, दारणेचा २.६४३ आणि गंगापूरचा अर्धा. त्या वेळीं वरच्या लोकांनीं आपलें पाणी गेलें म्हणून खेद केला, खालच्या लोकांनीं आपलें पाणी आलें नाहीं म्हणून तक्रार केली. कोणाचें खरें आणि कोणाचें खोटें ह्या वादांत आम्ही पडत नाहीं. दोन्ही बाजूंस तहानलेलीं माणसेंच आहेत. परंतु वाद करावयाचा तो निदान एका मापानें तरी करावा, एवढें मागण्याचा अधिकार प्रत्येक वाचकास आहे. ३.३६ अब्ज घनफूट ही राशि. ती तीन हजार क्युसेकनें सोडली तर तेरा दिवस लागतात. शंभर क्युमेकनें, म्हणजे दर सेकंदास शंभर घनमीटर ह्या दरानें, सोडली तर अकरा दिवस. दर कोणता व दिवस किती हें दोन्ही सांगितलें असतें तर चावडीवर बसलेल्या माणसास रोज संध्याकाळीं बोटें मोजून म्हणतां आलें असतें कीं आज एवढें गेलें, आतां एवढें उरलें. संशयाचा अर्धा भाग तेथेंच विरला असता.

उरलेला अर्धा भाग विरावयास आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे मोजण्याचें ठिकाण. भंडारदऱ्याच्या दरवाजांतून निघालेलें पाणी रंधा धबधब्यावरून उतरून निळवंड्याच्या ८,३२० दलघफू साठ्यांत येतें. तेथून अकोले, संगमनेर करीत ओझरच्या बंधाऱ्याशीं येतें, जेथून प्रवरेचे डावा व उजवा असे दोन कालवे निघतात. आणि त्यांपलीकडे नदीच्या कोरड्या पात्रांतून प्रवरासंगमास गोदावरीस मिळतें. कोरडी वाळू आधीं आपली तहान भागविते, मग पुढें पाणी देते. म्हणून भंडारदऱ्याशीं मोजलेले हजार क्युसेक संगमाशीं हजार राहत नाहींत, आणि ते कोणी चोरलेच असतील असेंहि नाहीं. 'कोठें मोजलें' हें न सांगतां दोन ठिकाणच्या आंकड्यांची तुलना करणें म्हणजे उंबरठ्यावर उंची मोजलेल्या मुलाची खड्ड्यांत उभ्या असलेल्या मुलाशीं तुलना करणें होय.

आतां विद्यार्थ्यांच्या नित्याच्या चुकीकडे वळूं. एका मीटरांत ३.२८ फूट असतात हें सर्वांस पाठ असतें. म्हणून घनमीटराचे घनफूट करतांनाहि ते ३.२८ नेंच गुणतात. लांबी, रुंदी व खोली तिन्ही बदलतात, तेव्हां त्या संख्येचा तिसरा घात घ्यावयास हवा, हें ध्यानांत राहत नाहीं. ३.२८ चा तिसरा घात सुमारें ३५.३, आणि तोच क्युमेकचे क्युसेक करण्याचा गुणक. ही चूक निदान उघडी तरी असते. दहापट तफावत पाहून शिक्षकाच्या ध्यानांत येते. छपून बसणारी चूक निराळीच आहे, आणि ती सूत्रांच्या पोटांत असते.

पाण्याचा दर मोजण्याची एक जुनी व सुबक रीत अशी : प्रवाहाच्या आड धारदार कडेचा आयताकृति बांध घालावा, त्याच्या कडेवरून पाणी किती उंचीनें वाहतें तें मागच्या बाजूस थोडें अंतर ठेवून मोजावें, त्या उंचीचा दीड घात घ्यावा, त्यास बांधाच्या लांबीनें व मग ३.३३ ह्या स्थिरांकानें गुणावें, क्युसेक निघतात. लांबी दहा फूट व उंची एक फूट असेल तर उत्तर ३३.३ क्युसेक. आतां एखाद्यानें तेंच सूत्र घेऊन मापें मात्र मीटरांत घातलीं : लांबी ३.०४८, उंची ०.३०४८. उत्तर येतें १.७१, आणि तो मोठ्या विश्वासानें 'क्युमेक' असें लिहून मोकळा होतो. त्याचे क्युसेक केले तर साठ होतात. पाणी तेंच, बांध तोच, आणि प्रवाह जवळजवळ दुप्पट ! कारण उघड आहे. ३.३३ ही केवळ संख्या नव्हे. तिच्या पोटांत फूट दडलेला आहे. मीटरांत हाच स्थिरांक १.८४ होतो, आणि तो घेतला म्हणजे ०.९४ क्युमेक, अर्थात् पुन्हा ३३.३ क्युसेक, असें उत्तर बिनचूक येतें. आमच्या गणिताच्या तासांत सूत्रें पाठ करवून घेतात, परंतु सूत्रांतील संख्येस 'तूं कोणत्या मापाची ?' असें विचारावयास शिकवीत नाहींत. तें शिकविलें पाहिजे असें आमचें स्पष्ट मत आहे. शाळेमागच्या ओढ्यावर एक फळी आडवी लावून, एक फूटपट्टी व एक मीटरपट्टी घेऊन, दोन गटांनीं हा प्रयोग एका सकाळींत करतां येईल. दोन्ही गटांचीं उत्तरें जुळेपर्यंत कोणास घरीं सोडूं नये !

इंधनाच्या बाबतींत आणखी एक पेंच पडतो. वीज नसली म्हणजे विहिरीवर डिझेलचें इंजिन लावावें लागतें. इंजिनाच्या कागदावर इंधनाचा खर्च दर अश्वशक्तीस दर तासास अमुक ग्रॅम असा, म्हणजे वजनानें लिहिलेला असतो. आपण डिझेल आणतों तें लिटरानें, म्हणजे आकारमानानें. समजा, पांच अश्वशक्तीचें इंजिन आहे आणि खर्च दोनशें ग्रॅम आहे. तासास एक किलोग्रॅम झालें. परंतु डिझेल पाण्याहून हलकें. त्याच्या एका लिटराचें वजन साधारण ०.८३ किलोग्रॅम. म्हणून तासास एक नव्हे, १.२ लिटर लागेल. दहा तासांचें भरणें असेल आणि दहाच लिटर डिझेल नेलें असेल तर शेवटच्या वाफ्यांवर पोंचण्यापूर्वींच इंजिन थांबेल.

शेतांत वाफे कोरडे राहतात. आकाशांत काय होतें तें २३ जुलै १९८३ रोजीं कॅनडांत दिसून आलें. एअर कॅनडा कंपनीचें बोइंग ७६७ जातीचें विमान एडमंटनकडे निघालें होतें. त्या जातीचीं विमानें कंपनीनें नुकतींच घेतलीं होतीं व त्यांचें इंधन किलोग्रॅमांत मोजलें जाई. तत्पूर्वींचा सर्व व्यवहार पौंडांचा. प्रवासास २२,३०० किलोग्रॅम इंधन हवें होतें. टाक्यांत ७,६८२ लिटर शिल्लक असल्याचें पट्टी बुडवून पाहिलें. पुढें लिटरांचें वजन काढतांना १.७७ हा गुणक वापरला गेला. तो पौंडांचा होता. किलोग्रॅमांचा गुणक ०.८० च्या आसपास असतो. त्यामुळें २०,००० लिटरांहून अधिक इंधन भरावयाचें तेथें पांच हजारांच्याहि आंत भरलें गेलें. विमान अर्ध्या वाटेवर हवेंत असतां दोन्ही इंजिनें बंद पडलीं. वैमानिकांनीं तें घारीसारखें तरंगवीत गिमली येथील जुन्या लष्करी धांवपट्टीवर उतरविलें व सर्वांचे प्राण वांचले. गुणाकार व भागाकार ह्यांत कोणीहि चुकलें नव्हतें. आंकडे अचूक होते. आंकड्यांचीं मापें मात्र कोणी विचारलीं नव्हतीं.

पाण्याच्या बाबतींत हा वजनाचा पेंच नाहीं हें आपलें भाग्य. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलोग्रॅम, व्यवहारापुरता. म्हणूनच भंडारदऱ्याच्या पाण्यावर वीज निर्माण होते तिचा हिशेबहि मीटरांत फार सुलभ होतो : एक क्युमेक पाणी शंभर मीटर उंचीवरून खालीं येतें तेव्हां यंत्रांतील घट वजा करण्यापूर्वीं ९८१ किलोवॉट शक्ति मिळूं शकते. फूट, पौंड आणि अश्वशक्ति घेऊन हेंच गणित करून पाहावें, म्हणजे दशमान पद्धतीचे उपकार ध्यानांत येतील.

मग सरळ क्युसेक व घनफूट हद्दपार कां करूं नयेत ? असें म्हणणारे पुष्कळ आहेत व त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु आम्हांस हा मार्ग आज तरी पसंत नाहीं. धरणाची जवळजवळ शंभर वर्षांची नोंद घनफुटांत आहे, जमिनीचा हिशेब लोकांच्या तोंडीं एकर-गुंठ्यांत आहे, आणि क्युसेक हा शब्द प्रवरेच्या दोन्ही तीरांवर इतका रुळला आहे कीं पुराच्या रात्रीं 'क्युमेक' असें ओरडून सांगितल्यास पाणी वाढलें कीं घटलें हें अनेकांस कळणार नाहीं. तीन हजार क्युसेकची संवय झालेल्या कानास 'पंच्याऐशीं क्युमेक' म्हणजे क्षुल्लक ओहळ वाटावयाचा, आणि वस्तुतः ते दोन्ही एकच आहेत ! पुराच्या सूचनेंत तरी ऐकणाऱ्याच्या ओळखीचें माप आधीं आलें पाहिजे. पाणी वापर संस्थांस घनमापन पद्धतीनें पाणी मिळतें, त्यांच्या आकारणींत घनमीटर खुशाल असावा. परंतु शेजारीं घनफूटहि असावा.

दुसरा पक्ष म्हणतो कीं ही सर्व उठाठेव इंजिनिअरांनीं करावी, सामान्य माणसानें त्यांत कशास पडावें ? ह्या पक्षाशीं मात्र आमचा मुळींच मेळ नाहीं. सावकाराच्या वहींतील व्याज ज्यास काढतां येत नव्हतें त्याचें काय होत असे हें आपल्या आजोबांस पुसावें.

रूपांतर करतांना आंकडे किती छाटावे हाहि एक विचार आहे. ११,०३९ दलघफू ह्यास बोलण्यांत सगळे 'अकरा टीएमसी' म्हणतात. बोलण्यांत हरकत नाहीं. परंतु ह्या छाटणींत ३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारें ११० कोटि लिटर पाणी नाहींसें होतें. इ. स. २०१९ मध्यें सुरू झालेल्या जलजीवन मिशननें खेड्यांतील माणसामागें दिवसास ५५ लिटर पाणी धरलें आहे. त्या हिशेबानें हें 'छाटलेलें' पाणी ५५,००० माणसांस वर्षभर पुरेल. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, मूळ नोंद ज्या मापांत झाली असेल ती प्रथम पूर्ण लिहावी, आणि रूपांतर तिच्यामागून यावें. रूपांतराचें पुन्हा रूपांतर करून छापूं नये. प्रत्येक वेळीं थोडें पाणी गळतें.

शाळांपुरतें म्हणावयाचें तर, मापांचें कोष्टक घोकण्यापेक्षां प्रत्येक संख्येशेजारीं तिचें माप शेवटच्या ओळीपर्यंत लिहिण्याची शिस्त लावावी. क्युसेकला सेकंदांनीं गुणलें तर सेकंद सेकंदास छेदतो आणि घनफूट उरतो. उरलेलें माप पाहिजे तें नसेल तर गणित चुकलें हें उत्तरसूचि न उघडतांच कळतें. जे परीक्षक केवळ संख्या पाहून पूर्ण गुण देतात त्यांनीं निदान अर्धा गुण मापासाठीं राखून ठेवावा.

आणि धरणावरील, नदीकांठच्या गांवांतील व वर्तमानपत्रांतील सूचनांसाठीं आम्ही एक नमुना सुचवितों. त्यांतील आंकडे उदाहरणादाखल आहेत : "निळवंडे धरणाच्या दरवाजाशीं मोजलेला विसर्ग १,५०० क्युसेक, म्हणजे ४२.५ क्युमेक. सोमवार सकाळीं सहापासून गुरुवार सकाळीं सहापर्यंत. एकूण ३८८.८ दशलक्ष घनफूट, म्हणजे ११ दशलक्ष घनमीटर." मापांचीं नांवें पूर्ण अक्षरांत लिहावीं, 'फू' आणि 'मी' वर काम भागवूं नये. पाटी थोडी लांब करावी लागेल व रंग अधिक लागेल, हें आम्हांस मान्य आहे.